पळणारा घ्यावा की खेळवणारा?



आज थेट एका खोलीत शिरू या. इंग्लंडमधल्या एका लहान गावाचा फुटबॉल क्लब. महिना जुलै. मॅनेजरच्या टेबलावर दोन कागद आहेत (तिकडे मुख्य प्रशिक्षकालाच बहुतेक ठिकाणी मॅनेजर म्हणतात) आणि पगाराच्या रकमेतून एकाच खेळाडूपुरते पैसे उरलेत. पहिला मुलगा नव्वद मिनिटं थांबत नाही. चेंडू गेला की मागे धावतो, परत मिळाला की पुढे धावतो. मात्र चेंडू पायात आला की जवळच्याला देऊन मोकळा होतो. दुसरा मुलगा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा असतो. पण मधेच तो असा एक पास देतो की प्रतिस्पर्ध्याचे चार बचावपटू एकदम मागे वळून बघतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

कुणाला घ्याल?

आधी ही शिडी समजून घेऊ. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० क्लबांची. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. एकूण ९२. त्याखाली नॅशनल लीग आणि आणखी खाली गावोगावच्या लीग. टीव्हीवर आपण बघतो ते बहुतेक वरचे वीस. आपला मॅनेजर बसलाय तो तळाच्या चोवीसमध्ये. शेवटून घसरला तर तो या ९२ मधूनच बाहेर पडतो आणि क्लबचं उत्पन्न कोसळतं.

मी फुटबॉलचा पंडित नाही. फौजेत तीसएक वर्षं गेली, त्यातल्या कितीतरी संध्याकाळी गेम्स परेडच्या मैदानावर गेल्या. युनिटचा संघ निवडायचं काम दोन-तीनदा माझ्याकडे आलं, आणि त्यात मी एक चूक केली, ती पुढे सांगतो. या प्रश्नात मला रस आहे तो त्या चुकीमुळे.

खालच्या लीगमधला मॅनेजर बहुतेक वेळा पळणारा घेतो. त्याला अडाणी म्हणू नका, त्याची कारणं पक्की असतात. हंगामात लीगचेच ४६ सामने, वर कपचे वेगळे. शनिवारी खेळायचं, मंगळवारी रात्री पुन्हा. जानेवारीत मैदानाचा चिखल झालेला. संघात माणसं मोजकी, एक जायबंदी झाला तर दुसऱ्याने दोघांचं काम करायचं. खेळाडूंचे करार एक-दोन वर्षांचे. सहा सामने हरले की मॅनेजरची खुर्ची हलायला लागते, त्यामुळे "हा मुलगा मार्चपर्यंत बहरेल" या वाक्याला त्याच्या लेखी काही किंमत नसते, कारण मार्चमध्ये तो स्वतः तिथे असेल याची खात्री नसते.

पण माझ्या मते मुख्य कारण यातलं एकही नाही. मुख्य कारण आहे दिसण्याचं.

पळणं प्रत्येक सामन्यात दिसतं. खेळाडू निवडायला आलेला माणूस, ज्याला स्काउट म्हणतात, तो कोणत्याही दिवशी आला तरी पळणारा मुलगा पळतच असतो. खेळवणाऱ्याचं तसं नसतं. व्हिडिओत मी हे फळ्यावर मांडलं होतं, इथे शब्दांत सांगतो. समजा, आपला दुसरा मुलगा तीन सामन्यांपैकी एका सामन्यात डाव फिरवतो. बाकी दोन सामन्यांत तो नुसताच मैदानावर असतो. स्काउट एकदाच आला, तर तीनपैकी दोन शक्यता अशा की त्याला काहीच दिसणार नाही. दोनदा आला, तरी दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत जाण्याची शक्यता ४४ टक्के. तीनदा आला तर ३० टक्के. पाचदा आला तरी १३ टक्के उरतातच. एवढ्या वेळा बघायला येण्याइतकं पेट्रोल लहान क्लबकडे नसतं.

आता तोच हिशेब उलट्या बाजूने करा. तीनातला एक सामना म्हणजे ४६ सामन्यांत पंधरा. पंधरा सामन्यांत डाव फिरवणारा खेळाडू लीग टूमधून लीग वनमध्ये नेऊन बसवतो. म्हणजे जो मुलगा हंगामभर सगळ्यात जास्त उपयोगी पडला असता, तोच एका संध्याकाळी सगळ्यात कमी दिसतो.

त्यात भर म्हणजे खेळवणाऱ्याच्या चुका मोठ्या आवाजात होतात. त्याने दहा अवघड पास दिले आणि सात अडवले गेले, तर सातही वेळा गॅलरीतून सुस्कारा येतो. पळणाऱ्याला जो पास दिसलाच नाही, तो कुठे नोंदलाच जात नाही. न केलेल्या गोष्टीवर कोण ओरडणार?

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. आमच्याच पेशातला. विंग कमांडर चार्ल्स रीप, ब्रिटिश हवाई दलातले हिशेब अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा सामना ते प्रेक्षक म्हणून बघत होते. पहिल्या अर्ध्यात स्विंडनचे हल्ले एकामागोमाग वाया जाताना पाहून ते वैतागले, आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढून प्रत्येक हल्ला नोंदायला सुरुवात केली. पुढे आयुष्यभरात दोन हजारांवर सामने त्यांनी असे नोंदले. १९५१ मध्ये ब्रेंटफर्ड हा क्लब दुसऱ्या विभागातून घसरण्याच्या बेतात होता. त्यांनी रीप यांची मदत घेतली आणि ते वाचले. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. फुटबॉलवर असं गणित तोवर फारसं कुणी केलं नव्हतं.

रीप यांचा निष्कर्ष असा, की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या हल्ल्यांतून होतात. मग मैदानाच्या मधोमध नक्षीकाम कशाला? चेंडू लांब पुढे मारा, त्याच्यामागे धावा, समोरच्याला चुकायला लावा. हा विचार ज्याला पटला त्याला खेळवणारा खेळाडू ही चैन वाटू लागली. लागतात ते पाय आणि फुफ्फुसं.

त्यात खोट होती, आणि ती हिशेब अधिकाऱ्याच्याच नजरेतून सुटावी याची मला गंमत वाटते. फुटबॉलमध्ये तीन किंवा कमी पासचे हल्ले मुळातच नव्वद टक्क्यांहून जास्त असतात, कारण चेंडू सारखा हिसकावला जातो. नव्वदहून जास्त टक्के हल्ल्यांतून ८० टक्के गोल, म्हणजे छोटे हल्ले उलट कमी फळ देत होते. आपल्या शहरांत अपघात जास्त दुचाकींचे होतात, कारण रस्त्यावर दुचाकीच जास्त. त्यावरून दुचाकी ट्रकपेक्षा किती धोकादायक ते ठरत नाही, त्याला वेगळा भागाकार लागतो. जे सारखं दिसतं ते मोजलं, आणि जे क्वचित दिसतं त्याचं वजन कमी धरलं. आपल्या स्काउटची चूकही याच जातीची.

तरी या पद्धतीने सामने जिंकले गेले, हे मान्य करायला हवं. विंबल्डन क्लब १९७७ मध्ये लीगमध्ये आला, १९८३ मध्ये चौथ्या विभागाचा विजेता होता आणि १९८६ मध्ये थेट पहिल्या विभागात. व्हिनी जोन्स हा त्यांचा मधल्या फळीतला खेळाडू बांधकामावर विटा वाहायचा आणि वेल्डस्टोनसारख्या खालच्या क्लबकडून खेळायचा. १९८८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात याच विंबल्डनने लिव्हरपूलला १-० हरवलं.

पण त्या सामन्यात लिव्हरपूलच्या डाव्या बाजूला जो खेळाडू होता, त्याची गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. जॉन बार्न्स. जन्म जमैकाचा. वडील जमैकाच्या सैन्यात कर्नल. त्यांची लंडनला नेमणूक झाली म्हणून मुलगा बाराव्या वर्षी तिकडे आला. (बदलीमुळे मुलांचं काय काय होतं ते आम्हा फौजींच्या घरात विचारा. क्वचित असंही होतं.) सडबरी कोर्ट नावाच्या एका हौशी क्लबकडून खेळताना १९८१ मध्ये वॉटफर्डने त्याला उचललं. मोबदला म्हणून त्या क्लबला गणवेशांचा एक संच दिला, असं सांगतात.

वॉटफर्ड कोणता संघ होता? ग्रॅहम टेलर यांचा. १९७७ मध्ये ते आले तेव्हा क्लब चौथ्या विभागात होता आणि अध्यक्ष होते गायक एल्टन जॉन. टेलर यांचा खेळ म्हणजे लांब चेंडू, प्रचंड धावपळ, समोरच्याला श्वास घेऊ न देणं. मोठ्या वर्तमानपत्रांतून त्यावर टीकाही झाली. १९८३ मध्ये हा संघ पहिल्या विभागात लिव्हरपूलच्या मागे दुसरा आला, १९८४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचला. आणि इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त पळणाऱ्या संघांपैकी एक असलेल्या या वॉटफर्डमध्ये डाव्या बाजूला बार्न्स होता, जो चेंडू पायाला चिकटवून माणसांमधून वाट काढायचा. जून १९८४ मध्ये त्याने इंग्लंडकडून रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलविरुद्ध केलेला गोल यूट्यूबवर आहे, जरूर बघा. त्या दिवशीही तो वॉटफर्डचाच खेळाडू होता.

टेलर यांना पळणारे हवे होते यात वाद नाही. पण पळणाऱ्यांनी हिसकावलेला चेंडू शेवटी कुणाच्या पायात जाणार, हेही त्यांनी ठरवलं होतं.

इथे एक संशोधन सांगतो, ते ऐकून मी स्वतः थबकलो होतो. २०१३ मध्ये पॉल ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या वरच्या तीन पायऱ्यांवरच्या खेळाडूंची तुलना केली. जोरात धावण्याचं अंतर प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त असेल, असं तुम्हाला वाटेल. उलट निघालं. चॅम्पियनशिप आणि लीग वनचे खेळाडू प्रीमियर लीगवाल्यांपेक्षा जास्त जोरात धावत होते. दमाच्या चाचणीत तिन्ही पायऱ्यांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता तो चेंडूवरच्या कामात. वरच्या खेळाडूंचे पास जास्त आणि अचूक. म्हणजे खालच्या लीगमध्ये पाय कमी पडत नाहीत. तिथे चेंडू वारंवार जातो, म्हणून तो परत आणायला जास्त पळावं लागतं. आणि हे दिसल्यावर मॅनेजर काय करतो? आणखी एक पळणारा आणतो.

आता माझी चूक.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पूर्वेकडच्या एका छावणीत आमचं युनिट होतं आणि ब्रिगेडच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. फौजेत माणसाला मोजायची सवय अंगात भिनलेली असते. आमची बीपीईटी म्हणजे पाच किलोमीटर धाव, साठ मीटर स्प्रिंट, दोरी चढणं, नऊ फुटी खंदक ओलांडणं. सगळं घड्याळावर किंवा पास-नापास. मी फुटबॉलची निवडही तशीच केली. धावायला लावलं, वेळा लिहिल्या, मग तासभर सामना खेळवला.

एक जवान होता कोल्हापूरकडचा. तिथल्या पेठांमध्ये तालमींचे फुटबॉल संघ असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की शहर दोन भागांत वाटलं जातं. हा मुलगा त्या वातावरणात वाढलेला. धावण्यात मागून तिसरा आला. सामन्यातही फार हलला नाही. मी त्याच्या नावावर काट मारली.

आमचे सुभेदारसाहेब साताऱ्याचे, स्वतः जुने खेळाडू. ते म्हणाले, "साहेब, पोरगं पळत नाही हे खरं. पण चेंडू त्याच्याकडं गेला की बाकीची कशी पळायला लागतात, ते बघितलं का?"

मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, बाकीच्यांच्या जिवावर खेळणारा माणूस मला नको."

वाक्य तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं. आम्ही स्पर्धेत तीन सामने खेळलो आणि एक गोल केला, तोही पेनल्टीवर. दमात आमच्यापुढे कुणी नव्हतं. तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत आमची पोरं धावत होती, आणि कुठे धावायचं ते एकालाही कळत नव्हतं.

तो जवान पुढे तीन वर्षं माझ्याच कंपनीत होता. फुटबॉलच्या मैदानावर तो परत आला नाही. व्हॉलीबॉल खेळायचा. मीही कधी विचारलं नाही.

लीग टूच्या मॅनेजरला एक संध्याकाळ मिळते, म्हणून तो चुकतो. माझ्याकडे तीन वर्षांच्या संध्याकाळी होत्या. सेनादलाच्या फुटबॉलचं हेच बलस्थान आहे, माणूस नोकरीत असतो, करार संपायची धास्ती नसते, संघ वर्षानुवर्षं एकत्र सराव करतो. २०११-१२ ते २०२३-२४ या काळात सेनादलाने संतोष ट्रॉफी सहा वेळा जिंकली, त्यात २०१६ चा नागपूरचा अंतिम सामना आपल्या महाराष्ट्राला २-१ हरवून. बाहेर लोक म्हणतात, फौजी पळतात म्हणून जिंकतात. मला वाटतं, एकमेकांना ओळखतात हेही तितकंच खरं असावं.

आता सुभेदारसाहेबांच्या वाक्यात खरा मुद्दा काय होता ते बघू. 'बाकीच्यांच्या जिवावर' हे मी शिवीसारखं म्हणालो. पण संघात प्रत्येक खेळवणारा कुणाच्या तरी पळण्यावरच उभा असतो. तो पळत नाही तेवढं अंतर दुसरं कुणीतरी कापतं. म्हणून हा मुलगा किती पळतो, एवढंच विचारून भागत नाही. त्याच्या वाटचं कोण पळणार, आणि त्याबदल्यात संघाला काय मिळणार, हे विचारावं लागतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लेस्टर सिटी. मे २०१२ मध्ये हा क्लब चॅम्पियनशिपमध्ये होता. त्यांनी फ्लीटवुड टाउन या नॅशनल लीग पातळीवरून वर आलेल्या क्लबकडून जेमी वार्डी घेतला, दहा लाख पौंडांना. शेफील्ड वेन्सडेने त्याला सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं होतं. त्यानंतर तो आठवड्याला तीस पौंडांवर स्टॉक्सब्रिजकडून खेळायचा आणि कारखान्यात काम करायचा. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी रियाद महरेझ घेतला, फ्रान्सच्या दुसऱ्या पायरीवरच्या ल हाव्र क्लबकडून, साधारण चार-साडेचार लाख पौंडांत. काटकुळा मुलगा. इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवरच्या धक्काबुक्कीत तो मोडेल, अशी शंका घ्यायला पूर्ण जागा होती. स्काउट स्टीव्ह वॉल्श मुळात दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला गेले होते आणि त्यांची नजर याच्यावर पडली, असं सांगतात. क्लबने त्याला सुरुवातीला बदली खेळाडू म्हणूनच उतरवलं, हळूहळू. आणि २०१५ मध्ये आला एन्गोलो कान्ते, जो दोन वर्षांपूर्वी बुलोन्यकडून फ्रान्सच्या तिसऱ्या पायरीवर खेळत होता.

२०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता झाला. हंगामाआधी सट्टेवाल्यांनी पाच हजारास एक भाव दिला होता. महरेझने १७ गोल केले आणि खेळाडूंच्या मतदानात वर्षाचा सर्वोत्तम ठरला. कान्तेने १७५ टॅकल केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. या दोन आकड्यांना वेगळं काढू नका. महरेझ उजव्या बाजूला चेंडूची वाट बघत उभा राहू शकत होता, कारण मध्ये कान्ते होता आणि पुढून शिंजी ओकाझाकी मागे धावून येत होता. महरेझला उभं राहण्याची मुभा होती, आणि त्या मुभेचं बिल कोण भरणार हे आधी ठरलेलं होतं.

कान्तेबद्दल आणखी एक. तो खूप पळतो असं सगळे म्हणतात. त्याचा सामना नीट बघा. पास निघायच्या आधी तो पास जाणार असतो त्या जागी निघालेला असतो. त्याच हंगामात त्याने अडवलेल्या पासांची संख्या १५६ होती. हे नुसत्या पायांचं काम नाही. आपण 'पळणारा' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र कालवतो. एक दम, तो सहा महिन्यांत वाढवता येतो, फौज दरवर्षी हजारो पोरांचा वाढवते. दुसरी इच्छा, चेंडू गेल्यावर मागे वळायची, ती चांगल्या संघात काही प्रमाणात लागते. तिसरं वाचन, म्हणजे पुढचं काय ते आधी कळणं. हे तिसरं पळणाऱ्याकडे असलं तर तो कान्ते, खेळवणाऱ्याकडे असलं तर महरेझ. निवड करताना शोधायचं ते हे, आणि घड्याळावर नेमकं तेच येत नाही.

अलीकडचं एक नाव सांगतो, एबेरेची एझे. आर्सेनलने तेराव्या वर्षी सोडलं. मग फुलहॅम, रेडिंग, मिलवॉल, एकेक करून सगळ्यांनी. २०१६ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने चाचणी घेऊन ठेवून घेतला आणि पुढच्या वर्षी अनुभवासाठी उसना पाठवला, तोही कुठे? लीग टूमधल्या विकम वाँडरर्सकडे. मॅनेजर गॅरेथ एन्सवर्थ. पुढच्या फळीत अकिनफेन्वा नावाचा पहाडासारखा माणूस. लांब चेंडू, धक्काबुक्की, घाम. कागदावर या मुलाला याहून वाईट जागा सापडली नसती. त्याने तिथे वीस लीग सामन्यांत पाच गोल केले. तो जानेवारीत परत गेला, विकम त्याच हंगामात वरच्या लीगमध्ये गेला. मे २०२५ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध क्रिस्टल पॅलेसचा एकमेव गोल याच मुलाचा, आणि त्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याला साठ लाखांना नव्हे, सहा कोटी पौंडांहून अधिक देऊन परत घेतला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट कळते. खालचे क्लब खेळवणारे खेळाडू विकत घेण्यापेक्षा उसने घेतात. पगाराचा मोठा वाटा बऱ्याचदा वरचा क्लब भरतो, नाही जमलं तर मुलगा परत. जोखीम उसनी, फायदा रोख. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, फक्त त्यात क्लबचं स्वतःचं असं काही उरत नाही.

दुसरा रस्ता ब्रेंटफर्डने घेतला, रीप यांनी १९५१ मध्ये वाचवलेल्या त्याच क्लबने. २०१२ मध्ये मॅथ्यू बेन्हम यांनी क्लब ताब्यात घेतला तेव्हा तो लीग वनमध्ये होता. आकडे त्यांनीही वापरले, पण उलट दिशेने. सगळ्यांना दिसतं ते मोजण्याऐवजी इतरांच्या नजरेतून सुटलेलं शोधायला. २०१७ मध्ये लीग टूमधल्या एक्सेटर सिटीकडून ऑली वॉटकिन्स सुमारे १८ लाख पौंडांना घेतला आणि २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाला २ कोटी ८० लाखांना विकला. २०२१ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये. आज लीग टूचे सामनेही वायस्काउटसारख्या सेवांवर बघायला मिळतात. मघाशी काढलेला पाच भेटींचा हिशेब आता पेट्रोलवर अडत नाही. बघणाऱ्याच्या चिकाटीवर अडतो.

तुमच्यापैकी काही जण बेळगावात, इंदुरात, बडोद्यात शाळेचे नाहीतर सोसायटीचे संघ चालवत असतील. तुमच्याकडे पैसे नाहीत, पण मॅनेजरकडे नसलेली गोष्ट आहे, आठवड्याला तीन-चार संध्याकाळी तीच मुलं. निवृत्तीनंतर मी मुलांच्या निवडीला बसतो तेव्हा काय करतो ते सांगतो. धावायला लावतो, पण शेवटी, सुरुवातीला नाही. कारण एकदा वेळ लिहिली की तो आकडा पुढे डोळ्यांसमोरून हलत नाही. आधी अर्ध्या मैदानावर पाच-पाच जण खेळवतो. लहान जागेत चेंडू प्रत्येकाच्या पायात सारखा येतो, मोठ्या मैदानावर तासभरात जे एकदा दिसतं ते इथे दहा मिनिटांत चारदा दिसतं. प्रत्येक मुलगा तीन वेगळ्या दिवशी बघतो. त्यातला एक दिवस त्याच्याकडे अजिबात बघत नाही, फक्त त्याच्या संघातल्या बाकी चौघांकडे बघतो. ही सुभेदारसाहेबांची युक्ती. तो मैदानावर असताना ते जास्त धावतात का, मोकळ्या जागी जातात का? मुलांना मोकळी जागा दिसते ती तिथे चेंडू येईल असा भरवसा असला तरच.

आणि चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदं बघतो. तिथे खेळवणारा मुलगा नुसता हात पसरून उभा राहत असेल, तर मीही अजून त्याला थांबवतो. सगळं माफ नाही. लीग टूच्या चिखलात दहा जण एकासाठी धावतील, पण तो दोन पावलं तरी टाकतो का, हे ते दहाही जण बघत असतात.

एकच जागा, एकच संध्याकाळ आणि दोन मुलं असं खरंच कुणी विचारलं, तर मी आधी विचारीन, संघात आत्ता गोल कोण बनवतं? उत्तर 'कुणी नाही' आलं, तर कमरेवर हात ठेवलेला घ्या. उत्तरात दोन नावं आली, तर पळणारा घ्या आणि त्याला त्या दोघांच्या मागे उभा करा.

पुढच्या भागात गोलकीपर. त्याचं पळणं कुणी मोजत नाही, त्यामुळे त्याची निवड कशावर होते ते बघू.